टेबल रिकामं व्हायची वाट बघू नकोस

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "दिवसभर पाय टेकायला वेळ नाही, आणि संध्याकाळी कुणी विचारलं आज काय केलंस, तर सांगण्यासारखं एक काम आठवत नाही." अशा गोष्टींवर फोनवर बोलायला मला सुचत नाही. हातात पेन असलं की सुचतं, म्हणून हे पत्र. घरी गेल्यावर वाच. ऑफिसात दोन ओळींच्या वर सलग काही वाचता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मागे तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या चर्चच्या ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, त्या दिवसाचं म्हणते. तू रविवारचं उपासनापत्रक लावत होतीस आणि गीतांचे क्रमांक अजून यायचे होते. तेवढ्यात कुणी हॉलची किल्ली मागायला आलं. ती देतेस तोवर फोन, बाप्तिस्म्याचा दाखला कधी मिळेल म्हणून. मग गायकवृंदातल्या एक बाई झेरॉक्स काढायला आल्या आणि काढता काढता सुनेची अथपासून इतिपर्यंत हकिकत सांगून गेल्या. पाळकसाहेब दारातून डोकावून "जरा ती फाइल" म्हणाले. कुठली ते त्यांनी सांगितलं नाही आणि तू विचारलंही नाहीस, बरोबर तीच काढून दिलीस. मी जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर काम केलं. आमच्याकडे कागद जावकला चढला की आमचा त्याचा संबंध संपला. तुझ्याकडे जावक असं काही नाहीच. बाप्तिस्म्याला आणलेलं बाळ पुढे स्वतःच्या लग्नाची तारीख मागायला त्याच टेबलापाशी येतं.

तेव्हा टेबल रिकामं झाल्याचं समाधान या नोकरीत मिळायचं नाही. ते ज्या कामात मिळतं ती कामं वेगळी. इथलं समाधान कुठे असतं, ते मला त्याच दिवशी दुपारी दिसलं. तुझ्या ते लक्षात नसेल, कारण तू कामात होतीस.

एक वयस्कर गृहस्थ आले होते. पत्नीच्या दफनविधीच्या पत्रकासाठी मजकूर द्यायचा होता. कागदावर लिहून आणला होता, पण तो ते देईनात, नुसती घडी घालत आणि उलगडत होते. तू रिसीव्हर उचलून बाजूला ठेवलास. खुर्ची पुढे ओढलीस. कागद मागितला नाहीस. म्हणालीस, "बाई स्वतःचं नाव कसं लिहायच्या?" त्यांनी तुझ्या हातातलं पेन घेतलं, नाव लिहिलं आणि एका वेलांटीवर बोट ठेवून म्हणाले, "ही दुसरी हवी. शाळेत पहिली लागली होती, ती तिला कधीच पटली नाही." आणि मग बोलायला लागले. तू मान हलवत ऐकत राहिलीस. उपासनापत्रक त्या दिवशी उशिरा छापलं गेलं आणि संध्याकाळभर तुझी चिडचिड झाली, हेही मी पाहिलं. पण त्या दिवशी तू काय केलंस हे त्या गृहस्थांना विचारलं असतं, तर त्यांनी एका दमात सांगितलं असतं.

आता कुणी म्हणेल, व्यत्यय हीच खरी सेवा. मला ते सरसकट पटत नाही. स्टेपलर मागायला येणारा हा स्टेपलर मागायलाच आलेला असतो, त्यात काही दैवी संकेत नाही. त्याला कपाट दाखवावं आणि पुन्हा कामाला लागावं. पण दहा जण स्टेपलरसाठी येतात, त्यांच्यात एखादा दुसऱ्याच कारणासाठी येतो आणि तोही स्टेपलरच मागतो. तो ओळखायचा डोळा तुला आहे. तो काही कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही.

दुसरं म्हणजे तुझ्या त्या जाड नोंदवह्या. तू म्हणालीस, "नोंदी चढवणं म्हणजे निव्वळ कारकुनी." अगं, त्या कारकुनीचा इतिहास वाचलास तर छाती फुगेल. इंग्लंडमध्ये १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या मंडळीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. आठवड्याभरात जे घडलं ते रविवारी, चर्चचा कारभार बघणारे वॉर्डन हजर असताना लिहायचं. वही दोन कुलपांच्या पेटीत, एक किल्ली पाळकाकडे आणि दुसरी वॉर्डनांकडे. नोंद चुकली तर दंड. पुढे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक पॅरिशनाही बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या ठेवायला लावल्या.

आता गंमत बघ. शेक्सपियरचा जन्म नेमका कोणत्या दिवशी झाला याचा लेखी पुरावा नाही. २३ एप्रिल ही तारीख अंदाजाने धरलेली आहे. पुरावा आहे तो बाप्तिस्म्याचा, २६ एप्रिल १५६४, स्ट्रॅटफर्डच्या चर्चच्या वहीतला. आज जी वही आहे ती १६०० च्या सुमारास जुन्या वहीवरून नकलून काढलेली. म्हणजे कुणीतरी मान मोडून ती सगळी नावं पुन्हा लिहिली. त्याला काय ठाऊक, की त्या रांगेतल्या एका नावासाठी जग पुढे चारशे वर्षं ते पान बघायला येणार आहे! त्याच्यासमोर फक्त एक बाळ, बापाचं नाव आणि तारीख.

आणखी एक. लंडनमध्ये पॅरिशचे कारकून दर आठवड्याला किती मेले, कशाने मेले, किती बाळांचे बाप्तिस्मे झाले याची यादी देत. जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका कापडवाल्या व्यापाऱ्याने त्या जुन्या याद्या गोळा केल्या आणि १६६२ साली त्यांवर पुस्तक छापलं. लंडनमध्ये तेरा मुलींमागे चौदा मुलगे जन्मतात, हे त्याने त्यांवरूनच काढलं. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. शास्त्र ग्रॉन्टचं, पण आकडे त्या कारकुनांचे. त्यांनी कंटाळून एखादा आठवडा गाळला असता तर?

तेव्हा दाखला देण्याआधी तू आईच्या नावाचं स्पेलिंग तिसऱ्यांदा विचारतेस आणि समोरचा वैतागतो, तेव्हा खुशाल वैतागू दे. चुकलेलं अक्षर खोडरबराने घालवायचं नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची, ही तुझी सवय सोडू नकोस.

मंडळीत ऑफिसच्या माणसाचं कौतुक करायची वेळ आली की स्तेफनाचं उदाहरण देतात. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार आली, म्हणून सात जण निवडले. स्तेफन पुढे हुतात्मा झाला, फिलिप्प सुवार्ता सांगत फिरणारा सुवार्तिक झाला, त्यांच्यावर प्रवचनं होतात. मला नेहमी उरलेल्या पाचांचं वाटतं. प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. यांनी भाषण केल्याचा एक शब्द शास्त्रात नाही. पण विधवांची ती तक्रारही पुन्हा कुठे आलेली नाही. आणि लगेच पुढच्या वचनात शिष्यांची संख्या फार वाढल्याचं लिहिलंय. माझ्या मते ते पाच जण तुझ्या खात्यातले.

आणि बारूख, यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक. यिर्मया सांगत गेला आणि याने शाईने गुंडाळीवर लिहून काढलं. यहोयाकीम राजापुढे ती वाचायला घेतली, तर तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा तुकडा लेखकाच्याच चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा. सगळी गुंडाळी जळाली. मग बारूखाने ती पुन्हा पहिल्यापासून लिहिली, आणि वर आणखी भर पडली. तुझा कॉम्प्युटर बंद पडून वार्षिक अहवाल गेला होता, तेव्हा मला हाच आठवला होता. पण मला बारूख आवडतो तो दुसऱ्या कारणाने. यिर्मयाच्या पुस्तकाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात तो कण्हून कण्हून थकलो, मला विसावा नाही असं सरळ बोलतो. देवाचं काम करणाऱ्याने थकलो म्हणू नये असं तिथे कुणी त्याला सांगत नाही. मोठ्या गोष्टींच्या मागे लागू नकोस एवढं मात्र सांगितलं जातं.

आता जरा कडू बोलते. चर्चच्या ऑफिसात एक धोका आहे, तो बाकीच्या ऑफिसांत इतका नसतो. तिथे जादा काम सांगताना "सेवा" हा शब्द वापरला की नाही म्हणता येत नाही. रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, "एवढं एक प्रभूसाठी करून टाक." प्रभूने ते सकाळी केलं तरी चालेल असं मला वाटतं. पगार घेऊन करतेस ते काम आणि मंडळीची सभासद म्हणून आनंदाने करतेस ते, यांत तुझ्यापुरती तरी रेघ हवी. रविवारी उपासनेला गेलीस की किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्या कुणाकडे दे. प्रभुभोजनाच्या वेळी मागून खांद्यावर टकटक करून "प्रिंटरला कागद कुठेय" विचारतात, हे तूच सांगितलंस. अशाने तुझी उपासना कधी व्हायची? ज्या ठिकाणी आपण पोट भरतो तिथेच प्रार्थनाही करायची, हे दिसतं तितकं सोपं नाही. पडद्यामागचं सगळं तुला दिसतं. कमिटीतली भांडणं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं दान किती. ते कळूनही लोकांवर माया ठेवायची म्हणजे कसोटी आहे. ते सगळं मनात ठेवतेस, मलासुद्धा सांगत नाहीस, हे मला फार आवडतं. मी खोदून विचारते तरी सांगू नकोस.

दानार्पणाचे पैसे मात्र एकटीने कधी मोजू नकोस, कुणी कितीही "तुझ्यावर विश्वास आहे" म्हणो. दोघं हवेत, आणि तेही एका घरातले नकोत. प्रेषित पौलानेसुद्धा यरुशलेमसाठी जमवलेली रक्कम नेताना बरोबर माणसं घेतली, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने तसं लिहिलंय. पौलाने जे एकट्याने केलं नाही ते तू एकटीने करायची गरज नाही.

ख्रिस्तजन्माच्या आणि ईस्टरच्या धावपळीबद्दल मी काही सांगत नाही. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही येतो आणि आधीच्या राखेच्या बुधवारपासून नंतरच्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत सगळ्या तारखा आपल्यामागे ओढून नेतो. ते वेळापत्रक तुला माझ्याहून पाठ आहे. त्या दिवसांत दमशील, त्याला इलाज नाही.

एक गोष्ट मात्र या महिन्यातच कर. रोज दुपारी एक तास ऑफिसचं दार बंद ठेवायची परवानगी माग. नोंदवह्या, पत्रक आणि हिशेब हे त्या तासात, आणि माणसं बाकी दिवसभर. दारावर वेळ लिहून लाव, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही. पाळकसाहेबांशी आधी बोल, ते नाही म्हणतील असं वाटत नाही. त्यांना फाइली वेळेवर हव्याच असतात. खजिनदार कुरकुरतील. त्यांना म्हणावं, या तासामुळे तुमचा हिशेब महिन्याच्या पाच तारखेला मिळेल. मग बघ कसे गप्प बसतात ते.

परवानगीचं काय ठरलं ते कळव. फोन केलास तरी चालेल, पण पत्र लिहिलंस तर जास्त आवडेल.

तुझी,
आई