कुलूप काढल्यानंतर

चि. सुहास,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, तुमच्या पिढीनं मनोरुग्णालयाची ही भिंत कधीच पाडायला हवी होती," आणि मी गप्प बसले. तुला वाटलं, मला राग आला. राग नव्हता रे. एकतीस वर्षं ज्या वॉर्डाच्या किल्ल्या कमरेला बाळगल्या, त्याच्याबद्दल पोटचा पोरगा असं बोलल्यावर चटकन काय म्हणावं ते सुचेना, एवढंच. फोनवर मला नीट मांडताही येत नाही. म्हणून लिहिते.

कम्युनिटी टीममध्ये रुजू होऊन महिना झाला नाही तोच वर्षानुवर्षं दाखल असलेल्या बावीस जणांची यादी तुझ्या हातात दिली. त्यांना बाहेर घर मिळवून द्यायचं, तिथं रुळवायचं. मला याचा अभिमान वाटतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून म्हणशील, म्हातारी जुन्या नोकरीची बाजू घेतेय.

भिंत पाडायला हवी होती, हे मला मान्य आहे. का मान्य आहे ते सांगते. हे तुझ्या बाबांनाही मी कधी बोलले नव्हते.

माझ्या वॉर्डात एकजण होता. नाव लिहीत नाही. धोबीखान्यात काम करायचा. चादरीची घडी अशी घालायचा की चारही टोकं एकावर एक, जशी शिवून टाकली आहेत. आजार कधीचाच निवळला होता. केस पेपरवर डॉक्टरांनी तीनदा "घरी जाण्यास योग्य" लिहिलं. तिन्ही वेळा कुणीतरी म्हणालं, "मग धोबीखाना कोण बघणार?" त्यातलं एकदा म्हणणारी मी होते. हसत म्हणाले होते, पण म्हणाले होते. डिस्चार्ज मागे पडला तो पडलाच. सतरा वर्षं झाली. नंतर त्यानं विचारणंही सोडलं. एकदा संध्याकाळी अटेंडंट मोठ्या फाटकाला कुलूप लावायला विसरला. हा फाटकापर्यंत चालत गेला, परत आला आणि मला म्हणाला, "सिस्टर, फाटक उघडं राहिलंय, बंद करायला सांगा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. रसेल बार्टन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९५९ साली या प्रकाराला नाव दिलं होतं, 'इन्स्टिट्यूशनल न्यूरोसिस', म्हणजे संस्थेनंच जडवलेला आजार. माणूस काही मागत नाही, पुढचं काही ठरवत नाही, सांगितलं तिथं बसून राहतो. त्यांचं म्हणणं असं की याला मूळ आजार म्हणू नका, हा आपण लावलेला आहे: बाहेरच्या जगाशी तुटलेला संबंध, रिकामा दिवस, हुकमी वागणूक, स्वतःची म्हणून एकही वस्तू नसणं, यातून आलेला. मी हे वाचलं तेव्हा तो माणूस पन्नाशीला टेकला होता.

म्हणून इटलीतले मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बसालिया यांच्याबद्दल तू भारावून बोलतोस तेव्हा मला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. १९७१ मध्ये ते त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात आले, तेव्हा आत बाराशेच्या आसपास माणसं होती. १९७३ मध्ये त्यांनी पेशंटांबरोबर मोठा निळा घोडा बनवला आणि मिरवणुकीनं शहरात नेला. तो दारातून मावेना, तेव्हा दाराचीच मोडतोड करावी लागली. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, फोटोही छान येतात. पण त्याच सुमारास तिथं आणखी एक झालं. झाडलोट करणारे, धुणारे जे पेशंट 'उपचार' म्हणून फुकट राबत होते, त्यांची सहकारी संस्था निघाली. तेच काम, आता करारानं आणि पगारानं. माझ्या धोबीखान्याला हे उत्तर होतं. घोडा नसता तरी चाललं असतं, असं मला आपलं वाटतं.

मग १३ मे १९७८ ला इटलीनं कायदा क्रमांक १८० केला. मनोरुग्णालयांत नवे पेशंट घ्यायचे नाहीत, नवी मनोरुग्णालयं बांधायची नाहीत. त्रिएस्तेत हे निभावलं, कारण आत माणसं कमी होत असतानाच बाहेर केंद्रं उभी राहत होती. चोवीस तास उघडी, प्रत्येकात मोजक्या खाटा, रात्रीही तिथंच असणारे कर्मचारी. इटलीत सगळीकडे काही एवढं जमलं नाही. काही भागांत ही केंद्रं यायला वर्षानुवर्षं लागली आणि तोवरचा भार घरच्यांच्या डोक्यावर पडला.

आता माझ्या गप्प बसण्याकडे येते. भिंत पाडणारे खूप भेटतात, सुहास. आणि त्या सगळ्यांचे हेतू सारखे नसतात. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ दिले आणि पिएर दनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरून दाखवलं, आणि ज्यांना बांधून ठेवत होते ती माणसं बोलायला लागली. माणसाला बाहेर नेता येईल, असं पहिल्यांदाच वाटलं. हा एक हेतू, चांगला. दुसरा हेतू हिशेबाचा. एवढ्या खाटा, एवढी खाणारी तोंडं, एवढ्या जुन्या इमारतींची डागडुजी. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. १९६३ च्या ऑक्टोबरात केनेडींनी सामुदायिक केंद्रांच्या कायद्यावर सही केली. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूवर १९४१ साली शस्त्रक्रिया झाली होती आणि ती कायमची परावलंबी झाली होती, त्यामुळे विषय त्यांच्या घरातलाच होता. सहीनंतर महिन्याच्या आत ते गेले. पंधराशे केंद्रं व्हायची होती, जेमतेम निम्मी झाली. खाटा मात्र ठरल्याप्रमाणे कमी होत गेल्या. १९९४ पर्यंत साडेपाच लाखांवरून बहात्तर हजारांच्या आसपास. मधली माणसं कुठं गेली? बरीच खरोखर बरी होऊन संसाराला लागली. काही रस्त्यावर आली, काही तुरुंगात. लायोनेल पेनरोज या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९३९ मध्येच युरोपातल्या देशांचे आकडे मांडून दाखवलं होतं की जिथं मनोरुग्णालयात माणसं कमी, तिथं तुरुंगात जास्त. त्यांच्या मांडणीवर अजून वाद चालतो. पण वॉर्डात पोलिसांनी आणून सोडलेली माणसं मी बघितलीत, मला तो वाद फार लांबचा वाटत नाही.

आणि दक्षिण आफ्रिका. हे तू वाचलं नसशील तर आज रात्रीच वाच. २०१५-१६ मध्ये खाउटेंग प्रांताच्या सरकारनं लाइफ एसिदिमेनी या संस्थेबरोबरचा करार संपवला आणि हजाराहून कितीतरी जास्त पेशंट घाईघाईनं स्वयंसेवी संस्थांकडे हलवले. कागदावर शब्द सगळे तुझेच होते: समाजात पुनर्वसन, माणसांना संस्थेबाहेर काढणं. ज्या जागांत पाठवलं त्यांचे परवाने वैध नव्हते. कित्येकांबरोबर कागदपत्रं गेली नाहीत, कुणाला कुठे नेलं ते नातेवाइकांना कळेना. १४४ माणसं मेली. भुकेनं, थंडीनं, हयगयीनं. नंतर न्यायमूर्ती मोसेनेके यांच्यासमोर एकेक गोष्ट बाहेर आली. मी ते वाचत होते आणि डोळ्यांपुढे आमचं चार्ज देण्याघेण्याचं पुस्तक येत होतं. ड्युटी बदलताना मी पुढच्या सिस्टरला एकेक नाव वाचून दाखवायचे: याला फिट येते, हा गिळताना ठसकतो, ही दोन दिवस जेवली नाही. एवढं एक पुस्तक त्या गाड्यांबरोबर गेलं असतं तर!

मनोरुग्णालय वाईट होतं, तरी एका छपराखाली बरंच काही द्यायचं. छत, अन्न, औषध, अंगावर कपडा, बोलायला चार माणसं, दात दुखला तर बघणारं कुणीतरी, आणि रात्री दोनला जागं असलेलं एक माणूस. बहुतेक वाईटच द्यायचं, पण द्यायचं. बाहेर आल्यावर यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या खिडकीवर मिळते, आणि ज्याला सतरा वर्षांत रांगेत उभं राहायची सवय उरलेली नाही त्यानं त्या सगळ्या खिडक्या फिरायच्या. आम्ही पाठवलेला पहिला पेशंट मला आठवतो. पंधरा दिवसांच्या गोळ्या, एक चिठ्ठी, नमस्कार चमत्कार. विसाव्या दिवशी तो परत आला, पोलिसांच्या गाडीतून. गोळ्या संपल्या तेव्हा पुढच्या कुणी द्यायच्या, हे चिठ्ठीत लिहिलंच नव्हतं. चिठ्ठी मीच लिहिली होती.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला स्टाइन आणि टेस्ट यांनी सत्तरच्या दशकात जे केलं ते तुला टीममध्ये शिकवलंच असेल. वॉर्डातला कर्मचारीवर्गच उचलून बाहेर नेला. दिवसरात्र तीच टीम. पेशंटनं त्यांच्याकडे यायचं नाही, त्यांनी पेशंटच्या खोलीवर, कामावर जायचं. माणसं दवाखान्यात कमी परतली, कामाला लागली, समाधानी दिसली. पण त्याचा पुढचा भाग शिकवताना गाळतात. चौदा महिन्यांनी प्रयोग संपला, माणसांना पूर्वीच्या साध्या सेवेकडे सोपवलं, आणि कमावलेलं बरंचसं हळूहळू ओसरलं. तेव्हा तुझ्या साहेबांनी "सहा महिन्यांत केस बंद करा" म्हटलं, तर हे त्यांच्यापुढे ठेव.

एक गोष्ट मात्र तू ऐकणारच नाहीस, तरी लिहिते. प्रत्येकाला 'घरी' पाठवायचा हट्ट धरू नकोस. पन्नासच्या दशकात जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञांनी लंडनमध्ये डिस्चार्ज झालेल्या पुरुषांचा माग काढला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले जास्त वेळा पुन्हा दाखल झाले, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेले कमी. घरच्यांचं प्रेम नव्हतं असं नाही. पुढच्या अभ्यासांत दिसलं की सतत टोकणं, चीड, किंवा उलट अतिकाळजी, आणि आठवड्याला पस्तीस तासांहून जास्त समोरासमोर असणं, यानं आजार उसळतो. आई म्हणून मला हे लागलं, खोटं कशाला बोलू. पण नर्स म्हणून पटलं. यात आयांना दोष देऊ नकोस हं. त्या पस्तीस तासांतले दहा तास कुणी वाटून घेतले, कुणी त्यांच्याशी नीट बोललं, तर त्याच घरात माणूस टिकतो, हेही सिद्ध झालंय. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात पेशंटांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून बरोबर राहायला लावलं, ते याच जातीचं शहाणपण. घरच्यांनी बघितलं, शिकले, आणि माणसाला घेऊन गेले.

आणि परक्यांकडेही माणूस टिकतो. बेल्जियममधल्या खेल (Geel) नावाच्या गावात शेकडो वर्षांपासून साधी कुटुंबं मनोरुग्णांना पाहुणे म्हणून सांभाळतात. १९३० च्या दशकाच्या शेवटी असे साडेतीन हजारांहून जास्त लोक तिथं राहत होते. लोक सांगतात, गाव दयाळू. असेल. पण या कुटुंबांच्या पाठीशी एकोणिसाव्या शतकापासून तिथंच एक दवाखाना उभा आहे. नर्स घरी येते, बिनसलं तर माणसाला चार दिवस आत घेतात, यजमानांना मोबदला मिळतो. हा भाग गोष्टीत येत नाही.

आत राहिलेल्यांना मात्र कमी लेखू नकोस. काही रात्री अशा असतात की कुलूप नसलं तरी खाट लागते, जवळची, आणि चार दिवसांसाठी. आणि वॉर्डातले अटेंडंट तुला अडाणी वाटतील. आम्हाला शिकवताना सांगायचे, फ्रेंच डॉक्टर पिनेल यांनी मनोरुग्णांच्या साखळ्या तोडल्या. पॅरिसच्या बिसेत्र दवाखान्यातल्या साखळ्या प्रत्यक्षात १७९७ मध्ये काढल्या त्या प्यूसाँ नावाच्या तिथल्या देखरेख्यानं. तो स्वतः त्याच दवाखान्यात कधीकाळी गंडमाळेचा पेशंट म्हणून आला होता. पिनेल तोवर दुसरीकडे बदलून गेले होते. साखळीच्या जागी त्यानं हात जखडून ठेवणारी बंडी (स्ट्रेटजॅकेट) आणली, हेही खरं, पण सुरुवात त्याची होती. तुझ्या बावीस जणांबद्दल जे कुठल्याच केस पेपरात नाही ते अटेंडंटला ठाऊक असतं. त्यांच्याजवळ बसत जा.

धोबीखान्यातला तो शेवटी बाहेर पडला. चौघांच्या घरात, रोज येणाऱ्या एका ताईंच्या देखरेखीत. पहिले दोन महिने तो बाथरूमला जातानाही विचारायचा. मी निवृत्त झाल्यावर एकदा भेटायला गेले, तर त्याच्या खोलीच्या दाराला आतून कडी. मी ठोठावलं. आतून आवाज आला, "थांबा जरा." मी बाहेर पाचेक मिनिटं उभी होते.

शनिवारी फोन कर.

तुझी आई

ता. क. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढव: रात्री दोनला याचा फोन कोण उचलणार? "टीम" असं लिहू नकोस. माणसाचं नाव लिही. आणि यादीत धोबीखान्यातलं, स्वयंपाकघरातलं कुणी असेल तर त्याच्यापासून सुरुवात कर. वॉर्ड त्याला सहजी सोडणार नाही.