फाईटमध्ये पाय दाखवा ना भाऊ

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

'कराटे किड : लेजेंड्स' मागच्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मे एंडला आला तेव्हा आपल्या पेपरात त्याचं परीक्षण आलं होतं. स्टोरी झाली, जॅकी चॅन झाला, हिंदीत त्याला अजय देवगणचा आवाज आणि हिरोला त्याच्या पोराचा, हेही झालं, पण फाईटबद्दल काय तर "जबरदस्त ॲक्शन". बस? मार्शल आर्टच्या पिक्चरमध्ये फाईटवर दोन शब्द म्हणजे भरीताच्या पार्टीत भरीत सोडून पत्रावळीचं कौतुक.

मी जळगावात कुंग फू शिकवतो. नुकताच घरी परत पाहिला म्हणून लिहितो. फायनलची फाईट नीट बघा, कॅमेरा सगळा कमरेच्या वर आणि सेकंदाला कट, आता आमचा तर सगळा खेळच खालून आहे, टाच जमिनीला, गुडघा बाहेर, कंबर फिरली की मग तो पंच, ते काही दिसतच नाही तर पोराने मारलं की एडिटरने मारलं हे कळणार कसं? त्यापेक्षा मधली गल्लीतली मारामारी भारी आहे, तिथे जुन्या हाँगकाँग पिक्चरची आठवण येते, जॅकी चॅन लहानपणी पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे कसरती-मारामारीवाल्या चिनी संगीत नाटकाच्या शाळेत घासलेला माणूस, त्याच्या जुन्या फाईटमध्ये डोक्यापासून बुटापर्यंत माणूस दिसायचा.

एक गोष्ट मात्र मानली. कुंग फू आणि कराटे एकाच झाडाच्या दोन फांद्या म्हणतात ना पिक्चरमध्ये, ते उगाच नाही. जपानच्या ओकिनावा बेटाचे हिगाओना कानर्यो चीनच्या फूचौला जाऊन शिकून आले आणि त्यांचे शिष्य चोजुन मियागी यांनी गोजू र्यू कराटे उभं केलं. जुन्या 'कराटे किड' पिक्चरमध्ये हिरोला कराटे शिकवणाऱ्या मियागी सरांचं आडनाव तिथलंच.

आता खरा त्रास. पिक्चरमध्ये हिरो थोड्याच दिवसांत कराटे शिकून कप जिंकतो, पण तो पोरगा बीजिंगला हान सरांकडे, म्हणजे जॅकी चॅनकडे, आधीच तयार झालेला असतो, हे सुरुवातीलाच दाखवून पिक्चर पुढे पळतो आणि आपले लोक नेमकं तेच विसरतात. मे महिन्यात, गच्चीवर पाय भाजतो अशा उन्हात लोक पोराला घेऊन येतात, "सर, सुट्टीत बेल्ट होऊन जाईन ना?" मी म्हणतो आधी घोड्यावर बसल्यासारखं उभं राहू द्या त्याला. मा बू म्हणतात त्याला, मांड्या जमिनीला समांतर. तर आई म्हणते, नुसतं उभंच करता का, फी कशाची घेता?

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी परीक्षण लिहिणाऱ्या भाऊंना आधी एकदा क्लासला पाठवा. फी नको. ऊन उतरल्यावर गच्चीवरच असतो आम्ही, दोन मिनिटं मा बूमध्ये उभे राहिले तरी चहा माझ्याकडून.

आपला,
एक कुंग फू शिक्षक, जळगाव