रजा आत्ता काढू नकोस

चि. सुहास, अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास, त्यामुळे माझं बोलणं अर्धंच राहिलं. "गाठ आहे हे कळलंय, मग कापायला सहा आठवडे कशाला?" अरे, डॉक्टरांना मीही हेच विचारलं, तुझ्याहून मोठ्या आवाजात. नीलूला विचार.

त्या म्हणाल्या, मेलानोमा, म्हणजे तिळातून झालेला तो त्वचेचा कॅन्सर, काखेतल्या गाठीपर्यंत गेलाय. ती गाठ अंगात असतानाच औषध दिलं, तर आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी तिला ओळखून जास्त जोमाने तयार होतात. गाठ आधी काढली, तर त्यांनी ओळखायचं कशावरून? ही केमो नव्हे. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब, दोन्ही सलाईनमधून. पहिला डोस झाला, तीन आठवड्यांनी दुसरा, मग ऑपरेशन. २०२४ साली नाडिना नावाच्या चाचणीचे निकाल आले, ४२३ रुग्णांचे. वर्षभरात आजार वाढला नाही, उलटलाही नाही, असे लोक औषध आधी घेतलेल्यांत सुमारे ८४ टक्के आणि आधी ऑपरेशन, मग औषध अशांत ५७. काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर दहा टक्के किंवा त्याहून कमी उरला असेल, तर पुढचं औषधही टळू शकतं.

तू पाठीवरचा तीळ दाखवलास का?

आकडे पाठ झाले म्हणून भीती गेली असं नाही. अंघोळ करताना बोटं आपोआप काखेत जातात. परवा गाठ मोठी लागली. औषधाने पेशी तिथे जमल्या की सूजही येते म्हणे, पण ती सूज की वाढ, हे बोटांना कसं कळावं? जुलाब लागले तर घरच्या घरी काही घ्यायचं नाही, थेट फोन करायचा, अशी ताकीद आहे. आतडं, लिव्हर, थायरॉइड, कशावरही हे औषध उलटू शकतं. थायरॉइड बिघडला तर गोळी कदाचित जन्मभर. चालेल मला.

तुला न्हाऊ घालताना तो तीळ खांद्याखाली होता, अगदी गोल, पेन्सिलचं टोक टेकवल्यासारखा. साबणाचा फेस त्याच्यावर आणून तू "पुसला!" म्हणून ओरडायचास. आता सूनबाई म्हणते, कड वेडीवाकडी झालीय, रंगही एकसारखा नाही. माझाही तीळच होता रे. आईला झाला म्हणजे मुलाला होतोच असं नाही, पण धोका थोडा जास्त असतो. तू इतक्या लोकांची कामं तारखेला उरकून देतोस, ऑफिसात तुझं नाव निघतं, मला ऐकून बरं वाटतं. स्वतःच्या पाठीसाठी मात्र एक सकाळ निघत नाही! झालं, पुन्हा सुरू झाले. रागावू नकोस.

आत्ता धावत येऊ नकोस. डोसच्या दिवशी मी नुसती खुर्चीत बसून असते, तिथे तू येऊन काय करणार? रजा ऑपरेशनसाठी राखून ठेव, जखमेतलं पाणी काढणारी नळी, ती ड्रेन, लागली तर घरी माणूस लागेल. आणि त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस की तारीख मला नको, नीलूला कळव. मला तू काहीही सांगतोस.

तुझी,
आई