दत्तू, पोराच्या वहीकडे नीट बघ

यावल, रविवार

प्रिय दत्तू,

पत्र मिळालं. पोराच्या शाळेतल्या बाईंच्या तक्रारींनी तू दोन पानं भरलीस, पण मी अडकलो एकाच वाक्यावर: गणित तोंडी सोडवतो, वहीत नुसतं उत्तर लिहितो, म्हणून मार्क कापतात. भो, हा आळस नसावा. उत्तर आधीच दिसलेल्या पोराला सात पायऱ्या लिहायचा कंटाळाच येणार.

असली तल्लख मुलं मार्कांवरून सापडतातच असं नाही. माझ्या चौथीत एक पोरगी आहे. अक्षर गिचमिड, पेपर अर्धा कोरा. परवा केळीचं गणित घातलं: पाच बाय पाच फुटांवर लागवड, एकरात खोडं किती? एकराचे ४३,५६० चौरस फूट भागिले २५, म्हणजे १७४२. पोरं उत्तर लिहून मोकळी झाली. ही मागून विचारते, "गुरुजी, पहिली ओळ बांधाला लागूनच लावली का?" मग वहीच्या मागच्या पानावर पंचवीस फुटांचा चौकोन काढून तिनेच दाखवलं: भागाकाराने खोडं २५, अगदी कडेपासून लावली तर ३६. पुढचा धडा मी त्या दिवशी घेतलाच नाही.

टर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून बुद्ध्यांक मोजून दीडेक हजार मुलं निवडली, जन्मभर त्यांचा माग ठेवला. त्याच्या चाळणीतून गळालेल्या शॉकली आणि अल्वारेझ या दोघांना पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही! तेव्हा चाचणी करायची तर कर, बुद्ध्यांक १३० च्या वर असलेली शंभरात दोनेक मुलंच असतात. पण त्या आकड्याने हुरळू नको. रेन्झुली या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९७८ मध्ये मांडलं ते मला जास्त पटतं. क्षमता, नवं सुचणं आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहणं, या तिन्ही गोष्टी तो एकत्र बघतो. तुझं पोरगं रेडिओ उघडून जेवायचं विसरतं म्हणालास ना? ते बघत जा.

कॅरममध्ये हरला की सोंगट्या उधळतो याची वहिनींनी धास्ती घेऊ नये. डोकं बाराचं असलं तरी रडू आठाचंच येणार. वयच आठ आहे.

पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही संस्था १९६२ पासून असल्या तल्लख मुलांसाठी काम करते आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही त्यांच्याबद्दल लिहिलंय. आपल्या तालुक्यापर्यंत ते कधी येतं बघू. पण एवढ्याशा पोराला घरापासून तोडून पुण्याला धाडणं मला पटत नाही.

बाईंना भेट, भांडायला नको. वीस उदाहरणांऐवजी त्यातली अवघड पाच त्याला आधी द्या म्हणावं. ती बरोबर आली की बाकीची माफ, आणि उरल्या वेळात डोकं खाजवायला लावणारं काहीतरी. पायऱ्या पाचांपैकी एकाच्याच लिहू दे. गणिताच्या तासापुरतं वरच्या वर्गात बसवता आलं तर फारच छान. अख्खा वर्ग ओलांडलेली मुलंही अभ्यासात बहुधा टिकतात, पण तुझ्या पोराचे सवंगडी याच वर्गात आहेत, ते तोडू नको. आणि पाव्हणे आले की त्याला पाढे म्हणायला उभं करतोस, ते आधी बंद कर.

बाई काय म्हणाल्या ते कळव. गव्हाचं पाणी आटोपलं की सगळे भरीताला या, वांगी आमच्या मळ्यातली आहेत.

तुझा,
सुभाष