एसी पाठवू नकोस, पोरी

बाळा,

रात्रीचे साडेदहा झालेत. आज शेतीची लाईट बारा वाजता येणार हाय, झोपून उपयोग नाही, एकदा डोळा लागला की मोटर चालू करायची राहतीया आणि मग ऊस माझ्याकडं बघतोय आणि मी उसाकडं. म्हटलं तोवर तुला लिहावं. मोबाईलवर एका बोटानं टाईप करतोय, चुकलंमाकलं सांभाळून घे.

काल फोनवर तू म्हणालीस की आण्णा ह्या पगारात तुमच्या खोलीला एसी बसवून टाकते, ऑनलाईन ऑर्डर केली की माणूस येऊन बसवून जातोय. मी 'बघू' म्हटलं, तुला वाटलं असणार म्हातारा तयार झाला. आपल्यात 'बघू' म्हणजे नाहीच असतंय, पुण्यात जाऊन हे बी विसरलीस काय? एसी पाठवू नकोस. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली त्यापेक्षा मिक्सर दे म्हणावं, जुन्याचं भांडं गळतंय. ते तुमचं तुम्ही मायलेकी बघून घ्या.

आता का नको ते सांगतो. मागल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अख्खा चैत्र-वैशाख तुझ्या फ्लॅटवर काढला. तू आणि जावईबापूंनी कशाला म्हणून कमी केलं नाही, हे मी भावकीत चार जणांना सांगून झालंय, दोघांना तर परत परत सांगितलं. सहाव्या मजल्यावर एसी लावून झोपलो, घाम कसा असतो ते विसरलो. पण एक गोष्ट तुला तवा बोललो नव्हतो. एक दिवस संध्याकाळी तू ऑफिसातनं डोक्यापासनं पायापर्यंत भिजून आलीस, मी विचारलं काय झालं, तू म्हणालीस आण्णा बाहेर केवढा पाऊस झाला, तुम्हाला कळलं नाही? नव्हतं कळलं. खिडकी बंद, पडदा बंद, टीव्ही चालू. साठी उलटली बाळा, पण वळीव पडून गेला आणि मला वास आला नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. तू हसत केस पुसत होतीस म्हणून मी बी हसलो, पण रात्री लई वेळ जागा होतो. गावाकडं आपल्या विहिरीवर कोण असेल, आंबे कोण उतरवत असेल, असलं सगळं डोक्यात.

म्हणून ह्या वर्षी मी हावऱ्यासारखा उन्हाळा बघतोय. तुझी आई म्हणतीया गुडघा बदलला का डोकं बदललं.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाला जाऊन आलो. डोंगर चढलो नाही, घाबरू नकोस, थोरल्या पोराच्या गाडीतनं गेलो. सासनकाठ्या नाचताना लांबनंच बघितल्या, गुलालानं सगळी माणसं एका रंगाची, कोण कुणाचा ओळखू येत नाही. चांगभलं म्हणताना माझा आवाज एकदम घोगरा झाला, धुळीनं झाला असणार. येताना दवणा घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला, तो तसाच धुवायला गेला, आता त्या शर्टाला अजून वास येतोय.

मग चटणी. ह्या साली ५ किलो मिरची घेतली, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, ह्यात तुझी आई कुणाचं ऐकत नाही. आठ दिवस घरात धने, जिरं, खोबरं, तीळ, खसखस भाजणं चाललं होतं. डंकावर, म्हणजे चटणी कांडायच्या गिरणीत, नंबर लावायला मीच गेलतो, पहाटे जाऊन पिशवी ठेवून आलो तरी माझ्या पुढं अकरा पिशव्या. डंकाच्या दारात उभं राहून निम्मं गाव शिंकत असतंय आणि त्यातच सोयरिकी जुळत असतात, कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाचा ऊस किती टन गेला, सगळं तिथं कळतंय. मला पूर्वी ह्या कामाचा कंटाळा यायचा, काहीतरी निमित्त काढून पळायचो. ह्या वर्षी तीन तास तिथंच बसलो, डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, आणि लई बरं वाटलं. तुझा डबा भरून ठेवलाय, दोन किलोचा. तू मागं दुकानातलं लाल तिखट घालून रस्सा केलतास आणि पोरीनं 'आई हे गोड का लागतंय' म्हणून विचारलं, ते आठवलं की तुझी आई अजून हसतीया.

आता खरं सांगायचं ते विहिरीचं.

विहिरीला पायऱ्या ४२. ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं मी त्या उतरलो नव्हतो, वरनंच बघायचो. ह्या वर्षी पाडव्यानंतर एक दिवस सकाळी कुणाला न सांगता गेलो, भिंतीला हात लावत एकेक पायरी मोजत उतरलो, मध्ये दोनदा बसलो. खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडले. बाळा, वर ऊन एवढं की वहाणेतनं चटका बसतोय आणि खाली पाणी एवढं गार की नडग्या आवळतात. पारवं वर कपारीत घुमत होते. मी तिथं तासभर बसलो असेन. तुझ्या आईनं शोधाशोध केली, थोरल्याला फोन केला, मग मला शिव्या बसल्या, ते राहू दे.

आणि हे पाणी मे महिन्यात कसं असतं ह्याचा विचार तू कधी केलायस काय? मीबी नव्हता केला. विहिरीचा झरा भोगावती नदीचा, भोगावतीला उन्हाळ्यात पाणी राधानगरीच्या धरणाचं, आणि ते धरण सुरू केलं शाहू महाराजांनी. महाराज ६ मे १९२२ ला गेले, शंभर वर्षं होऊन गेली, धरण पुरं झालेलं बघायला ते राहिले नाहीत. आणि इथं मी त्यांच्या पाण्यात पाय सोडून बसलोय. मधी आपल्या बंधाऱ्याला पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, पाणी अडून राहतंय, आणि मृगाच्या आधी ते काढतात म्हणजे पुराला वाट मोकळी. सगळ्या देशात ह्याला कोल्हापुरी बंधारा म्हणत्यात आणि आपण त्याच्यावरनं सायकल मारत कॉलेजला गेलो, एवढंच. ह्या वर्षी मधी चार दिवस उपसाबंदी लागली तवा सगळ्यांच्या तोंडी धरणात किती टीएमसी राहिलं हेच होतं. मग परत मोटरी चालू झाल्या.

तर थोरल्याचा बारक्या. आठ वर्षाचा झाला आणि पाण्याला भितोय, दिवसभर मोबाईलवर ते रील का काय ते. मी म्हटलं चल. आमच्या वेळी पांगिऱ्याचं वाळलेलं लाकूड पाठीला बांधायचे, बिंडा म्हणायचे त्याला, हलकं असतंय, तरंगतंय. तुला बी मी बिंडाच बांधलता, आठवतंय? आता पांगिरा राहिला नाही, पाच लिटरचा तेलाचा कॅन बांधला. मी पायरीवर बसून ओरडायला आणि थोरला पाण्यात धरायला. पहिले तीन दिवस नुसता रडारड, भिंत सोडायला तयार नाही. चौथ्या दिवशी हात मारायला लागला. दहाव्या दिवशी मी थोरल्याला खुणावलं, त्यानं गुपचूप कॅनची दोरी सोडली, पोराला पत्ताच नाही, पलीकडं जाऊन मागं वळून बघतोय तर कॅन आपला इकडं तरंगतोय. त्याचं तोंड बघायला पाहिजे होतीस. आता तिसऱ्या टप्प्यावरनं मुटका मारून उडी टाकतोय आणि जेवायला बोलावलं तरी वर येत नाही.

तुझ्या वेळी भावकीतले म्हणायचे पोरीला कशाला विहिरीत घालतोस. तू सात वर्षाची होतीस, एक दिवस बिंडा न बांधताच पळत आलीस आणि धावेवरनं, विहिरीच्या पार काठावरनं, उडी टाकलीस, माझा जीव खाली आणि तू वर येऊन ओरडलीस, 'आण्णा, मी पोहलो!' रूमवरच्या पोरी तुला हसायच्या ना, मुलगी असून 'मी आलो, मी गेलो' म्हणतेस म्हणून? हसू देत. इथल्या बायका आजपण तसंच बोलत्यात आणि त्यांचं काय अडलं नाही. तुला आता पुण्यात 'मी आले' म्हणताना ऐकलं की मला उगंच कुणी परकं बोलतंय असं वाटतं. असो.

आंबे ह्या वर्षी बरे हायत. बांधावरच्या रायवळला लई लागलेत, वळवानं निम्मे पाडले ते लोणच्याला गेले. राहिलेल्याची आढी घातलीया, घराच्या माळ्यावर, माळीवर, पिंजर पसरून. रोज संध्याकाळी माळीवर चढून (पायऱ्या हायत, शिडी नाही, काळजी करू नकोस) हात घालून चाचपायचे, मऊ लागला की काढायचा. अख्ख्या घराला वास सुटलाय. हापूस खाणाऱ्याला हे सांगून पटत नाही, पण रायवळ चोखायची गोष्ट हाय, कापायची नाही, कोपरापर्यंत ओघळ आला नाही तर तो आंबा खाल्ला असं आमच्यात धरत नाहीत. राधानगरीकडची बाई पानाच्या द्रोणातनं करवंदं घेऊन बाजारला येती, बारक्याला कोंबडा का कोंबडी शिकवलं, आता तो खायच्या आधी प्रत्येक करवंद फोडून आत लाल हाय का पांढरं ते बघतोय आणि माझ्याकडनं रुपया रुपया पैज जिंकतोय. लबाड हाय, आधीच टोकरून बघत असणार.

डेरा नवा आणला. जुना २०१९ च्या पुरात गेला, तुझ्या आज्जीचा होता तो, त्यानंतर आम्ही फ्रिजचंच पाणी प्यायचो. ह्या वर्षी मीच म्हटलं आणूया. खाली वाळू, वर ओलं फडकं, आणि सकाळी एक तांब्या नाचण्याची आंबील ताक घालून. एवढ्यावर दुपार निघतीया.

आणि वळीव. पहिला आला तो शेवयांच्या दिवशीच. तुझी आई, काकी, शेजारची मावशी सकाळपासनं स्लॅबवर, जुन्या साड्या अंथरून शेवया, कुरडया, सांडगे, सगळं पसरलेलं. दुपारी वारा पडला, झाडाचं पान हलंना, म्हशी उगंच दावं ओढायला लागल्या. मी म्हटलं गोळा करा, मला म्हणाल्या तुम्ही गप बसा. उगवतीकडनं काळं आलं आणि दहा मिनिटात जे सुटलं, एक साडी सांडग्यासकट चिंचेवर गेली, मावशींच्या गोठ्याचा पत्रा उडाला, गारा पडल्या, बारक्या गारा वेचायला पळाला आणि त्याची आई त्याच्या मागं. लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी आली. नुकसान झालंच, नाही म्हणत नाही. पण मी सोप्यात उभा होतो आणि वास आला बाळा. नुसता उभा राहिलो. तुझ्या आईनं हाक मारली ते ऐकू आलं नाही, ती समजली आणि तिनं परत हाक मारली नाही.

झोपतोय आम्ही स्लॅबवर. संध्याकाळी दोन घागरी पाणी मारायचं, वाफ निघून जाती, मग वाकळ टाकायची. नऊनंतर आभाळात चांदण्यांचा विंचू वर येतोय, त्याची नांगी पुरी दिसायला लागली की माझा बाप म्हणायचा आता पाण्याची पाळी बघायला उठा, घड्याळ कुठं होतं. मध्यरात्रीनंतर असा गार वारा सुटतोय की अंगावर वाकळ ओढावी लागती. सांग आता, एसी कुठं लावू? स्लॅबवर?

काजव्याचं राहिलंच. राधानगरीच्या वरच्या अंगाला झाडंच्या झाडं लुकलुकत्यात, थोरला घेऊन गेलता. पण गर्दी फार व्हायला लागलीया, लांबनं माणसं येत्यात आणि गाडीच्या हेडलाईट लावून काजवे बघत्यात. अरे, तो बिचारा मादीला बोलवायला चमकतोय, तुझा एवढा मोठा दिवा बघून ती काय डोंबलं येणार? तू आलीस की आपण गर्दी सोडून आडवारी जाऊ.

तर ये. सुट्टी मिळत नाही हे मला माहिती हाय, शनिवार-रविवार धरून एक दिवस काढ. रोहिणी २५ मे ला निघती, वरच्या पट्टीत भाताची धूळवाफ, म्हणजे पावसाआधीची कोरड्यातली पेरणी, करायची हाय, त्याच्या आत ये, नंतर मला बसून बोलायला वेळ नाही. आढीतले २०-२५ आंबे तुझ्या पोरीच्या नावानं वेगळे ठेवलेत आणि बारक्याला ताकीद दिलीया. पोरीला पोहायचे कपडे आण, तो पाच लिटरचा कॅन मी धुवून खुंटीला लावून ठेवलाय. जावईबापूंना पोहता येत नाही असं तू एकदा बोललीस, त्यांना बी चालंल, पण त्यांच्यासाठी वीस लिटरचा बघावा लागंल.

मिक्सरचं मात्र आईशी बोल.

आली बघ लाईट, गोठ्यातला बल्ब पेटला. जातो मोटरीवर.

तुझा
आण्णा