तेलगळतीचा नकाशा छापताना

महोदय,

समुद्रात तेलगळती झाली की बातमीसोबत एक नकाशा हमखास येतो: काळा ठिपका, त्यातून निघालेला बाण आणि बाणाच्या टोकाशी किनाऱ्यावरचे एखादे गाव. तेल कुठे जाईल हे इतक्या ठामपणे कोणालाच सांगता येत नाही. अंदाज वर्तवणारे शास्त्रज्ञही तसे सांगत नाहीत.

तवंग पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहतो, शिवाय वारा त्याला स्वतःच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने ढकलतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा दिवसभर वाहिला, तर केवळ वाऱ्यामुळे तेल सुमारे ३० किलोमीटर सरकते. वाऱ्याच्या दिशेचा अंदाज अवघा १० अंशांनी चुकला, तरी ते ५ किलोमीटर बाजूला पोहोचते. तेवढ्या अंतराने एक खाडी वाचते आणि शेजारची बरबटते. किनाऱ्याजवळ तर भरती-ओहोटी, नदीमुखे, भूशिरांमागचे भोवरे यांमुळे गणित आणखी अवघड होते. उपग्रहाच्या रडारवर तवंग काळा दिसतो, कारण तेलाखाली बारीक लाटा दबतात. पण वारा पडला की स्वच्छ पाणीही तसेच काळे दिसते.

२०१०च्या मेक्सिको आखातातील गळतीच्या वेळी अमेरिकेतील ‘एनसीएआर’ या वातावरण संशोधन संस्थेने संगणकावर काल्पनिक रंग सोडून तो प्रवाहाबरोबर कुठवर जाईल हे दाखवले होते. हा अंदाज नव्हे, असे संस्थेने स्पष्ट सांगितले होते. तरी ‘तेल अटलांटिक किनाऱ्यावर येणार’ अशी भीती पसरली. प्रत्यक्षात आखातातून अटलांटिककडे वाहणाऱ्या लूप प्रवाहापासून एक मोठा भोवरा तुटून वेगळा झाला आणि तेल अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत गेलेच नाही.

याचा फटका खऱ्या कामाला बसतो. तेल अडवणारे तरंगते अडसर नेहमीच मोजके असतात, आणि आडवा प्रवाह सेकंदाला साधारण ३५ सेंटीमीटरहून जोरात असला की तेल त्यांच्या खालून निसटते. ते नेमके कुठे लावायचे हे ठरवणाऱ्यांवर चुकीच्या नकाशाने भेदरलेल्या गावांचा दबाव येता कामा नये.

म्हणून विनंती अशी, की बाणाऐवजी तेल जिथे जिथे पोहोचू शकते तो सगळा पट्टा छापावा. अंदाज कधी केला आणि किती तासांसाठी आहे, हे नकाशाखाली लिहावे. नवा अंदाज आला की संकेतस्थळावरचा जुना नकाशा त्याच दिवशी काढून टाकावा.

– सागरी प्रवाहांचा एक अभ्यासक