आईचे मायटोकॉन्ड्रिया

प्रिय विनू,

तुझे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. रागावू नको बे. फोन खिडकीत चार्जिंगला होता आणि मी खाटेवर; मधली सहा पावलं झेपेनात.

झालं असं, रोवणीला बाया मिळेनात. आई म्हणाली, "नुसत्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाक." मला शहाणपणा सुचला, म्हटलं रोवतोच. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधीत उतरलो. पहिल्या ओळीला ऐट होती. तिसऱ्या ओळीला मांड्या पेटल्या, धाप लागली, आणि दुपारी मी धुऱ्यावर चिखलासकट बसलो. आई ६२ वर्षांची. वाकून, मागे सरकत संध्याकाळपर्यंत रोवत होती. वर शेजारच्या सुनेची गोष्टही चालूच. एकदासुद्धा दम लागून वाक्य तुटलं नाही.

रात्री झोप येईना, तेव्हा हॉस्टेलमधलं आपलं दोन मार्कांचं उत्तर आठवलं: मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर. आता हेच मी अकरावीला शिकवतो.

खरं तर पेशीचं हातावर पोट असतं. तिची मजुरी म्हणजे एटीपी, पेशीला काम करायला ऊर्जा देणारा रेणू, आणि ती साठवता येत नाही. अंगात एका वेळी १०० ग्रॅमही नसेल. पण तेच मोडायचं, पुन्हा जोडायचं, असं दिवसभरात जवळपास आपल्या वजनाइतकं फिरतं. १९२९ साली ते जर्मनीत लोहमान यांना सापडलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत फिस्के आणि आपल्या आंध्रच्या सुब्बाराव यांनाही. सुब्बारावांचं नाव आपल्याला कोणी सांगितलं होतं का सांग!

ते जोडलं कसं जातं, ते आपल्या मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर बघ. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात, आणि त्या जोरावर मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन भरले जातात. तलाव भरला की दार उघडायचं. पाणी खाली येताना चाक फिरवतं, तसे परतणारे प्रोटॉन एक प्रथिन फिरवतात. खरंच गरगर फिरतं ते! एका फेऱ्यात तीन एटीपी. पीटर मिचेल यांनी हा तलाव १९६१ मध्ये मांडला तेव्हा बऱ्याच जणांना पटला नव्हता. १९७८ ला नोबेल मिळालं. ऑक्सिजनचं काम अगदी शेवटी, थकलेले इलेक्ट्रॉन उचलून त्यांचं पाणी करायचं. तो नसला की मागची अख्खी रांग तुंबते.

माझ्या मांड्यांना ही गिरणी पुरेना. मग ग्लुकोज अर्धवट मोडूनच भागवावं लागतं: एका ग्लुकोजमागे सुमारे ३० एटीपी मिळायचे तिथे फक्त २. मोहफुलाच्या सडव्यात यीस्ट हेच करतं. त्याच्याकडे उरते दारू, आपल्याकडे लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच रूप.

एक कबुली देतो. दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं लॅक्टिक ॲसिडचं, असं मी कितीतरी वर्षं पोरांना सांगत आलो. चूक! ते तासा-दोन तासांत निघून जातं. दुखतात ते सवय नसताना ताणलेले स्नायूंचे तंतू. सोमवारी वर्गात दुरुस्त करतो.

आणि खरी मिरची लागली ती इथे. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, बापाकडून नाही. म्हणजे माझ्या मांडीतली गिरणी तिचीच. पण रोज राबणाऱ्या स्नायूत त्यांची गर्दी वाढते, आणि मी वीस वर्षं खुर्चीवर. मूळ भांडवल एकच, तिनं वाढवलं, मी घटवलं.

काल तिनं जवसाचं तेल कोमट करून पायाला चोळलं. चोळता चोळता म्हणे, "कालेजात नेमकं शिकवतं तरी काय तू?" हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मंग उद्या पुन्हा ये रोवाले, वाढतीन."

रस्त्याकडची एक बांधी अजून बाकी आहे. शनिवारी ये. तुझ्या वाट्याच्या पेंढ्या तिनं वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.

तुझाच,
बाळू